पाहुण्याच्या हातात दोर

माझ्या आईला पाण्याच्या रांगेत उभं राहता यायचं नाही. आम्ही वाशीमला राहायला आलो, गल्लीत सरकारी नळ आला, बाया घागरी मांडून बसू लागल्या. आईपण जायची. पण कुणी सहज जरी म्हटलं, "थांबा बाई जराशा, माही भरू द्या," की ती आपली रिकामी घागर उचलून घरी परत यायची. मग सगळ्यांचं आटोपल्यावर, नळाची धार बारीक झाल्यावर, पुन्हा जायची. शेजारणी म्हणायच्या, मोजणीदाराची माय भारी तापट हाये. तापट नव्हती ती. तिच्या वाट्याचं थांबणं तिनं लहानपणीच करून टाकलं होतं.

तिचं माहेर हिवरदरी. मेडशीहून किन्हीराजाकडे पायवाटेनं निघालं की मध्ये एक उतार लागतो. वरच्या अंगाला मोठं गाव आणि खाली नाल्याच्या काठाला ही वीसेक घरांची वस्ती. वस्ती महारांची. विहीर वरच्या गावात. वस्तीतल्या बायापोरींनी विहिरीच्या ओट्याखाली घागरी ठेवायच्या आणि उभं राहायचं. दोराला हात लावायचा नाही. वरच्या एखाद्या बाईला दया आली किंवा सवड झाली तर ती वरून पाणी ओतणार. तोवर एकच शब्द, "थांबा." उन्हाळ्यात सकाळी गेलेली आई ऊन डोक्यावर आल्यावर यायची, आणि घागर कधी अर्धी, कधी कोरडीच.

माझा बाप वाशीमजवळच्या एका खेड्यात सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर एकाच घरी राबणारा गडी. त्याच्या जुन्या धोतराच्या शिवलेल्या चड्डीत आणि पावसाळ्यात पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन मी शाळेत गेलो. पुढे अकोल्याला वसतिगृहात राहून बी. ए. झालो. आमच्या नात्यागोत्यात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला माणूस माझा मामा, आणि पदवी घेणारा पहिला मी. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवायचा कायले? चोरी थोडीच केली होती!

नोकरी लागली ती भूमापकाची. खेड्यात आम्हाला मोजणीदार म्हणत. तेव्हा आमचा जिल्हा अकोला, वाशीम नुसता तालुका. एस. टी. फाट्यावर सोडायची आणि पुढे साखळी, झेंड्या, खुंट्या, नकाशा मांडायचा फळा असं सगळं बिऱ्हाड खांद्यावर घेऊन आम्ही वावरं तुडवत निघायचो.

ज्यांनी कधी मोजणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची साखळी लोखंडी कड्यांची, तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. दोन टोकांना दोन माणसं. पुढचा खुंटी रोवत जातो, मागचा ती उपटत येतो. मागच्याच्या हातात जितक्या खुंट्या जमल्या तितक्या साखळ्या झाल्या. यात शहाणपण एवढंच की साखळी ताणलेली पाहिजे. ती मध्ये लोंबली की तेहतीस फुटांची राहत नाही, आणि मग शेवटच्या खुंटीपर्यंत जाता जाता कुणाच्या तरी वावराचा पट्टा दुसऱ्याच्या घशात गेलेला असतो. माझ्याबरोबर साखळीला चाँदभाई असायचे. ते म्हणत, "साहब, साखली और बीवी, दोनोंकू ढीला नहीं छोडना." घरी त्यांचं काय चालायचं ते आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्ही नुसतं हसायचो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. किन्हीराजाकडच्या दोन भावांनी धुऱ्यापायी एकमेकांची डोकी फोडली होती. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. वऱ्हाडात धुरा कोरणं हा एक जुना उद्योग आहे. वखर हाकताना दरसाल बोटभर धुरा आपल्याकडे ओढायचा, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही. या दोघांनी दोन्ही अंगांनी इतकी वर्षं कोरला होता की धुऱ्यावरून शेळीसुद्धा सरळ चालू शकली नसती. मी मोजलं. हद्द बरोब्बर त्या उरलेल्या धुऱ्याच्या मधून गेली. कुणाचंच काही गेलं नव्हतं. दोघांनी मिळून मला शिव्या घातल्या. तेवढ्यापुरते का होईना, भाऊ एक झाले.

एका म्हातारीनं उभ्या तुरीत साखळी घालू दिली नाही. मोजणी तिनंच मागितली होती.

"मोजा न बाप्पा, कोन नाही म्हनते? पन तुरीत पाय देऊ नोका."

"अवो माय, मंग मोजू कसं?"

"पाखरावानी मोजा!"

तूर निघाल्यावर परत गेलो. तेव्हा तिनं तुरीच्या दाण्यांची आमटी खाऊ घातली आणि म्हणाली, "आता पाहा, पोटात दाना गेला, मोजनी बराबर होईन."

असं पुष्कळ आहे. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'आठवणीतली मोजणी' लिहा म्हटलं, तेव्हा या हसण्यासारख्या गोष्टी मागं राहिल्या आणि हिवरदरीच पुढं आली. तिच्याबद्दल मी कुठं लिहिलेलं नाही.

बाबासाहेबांच्या मागं हिवरदरी बौद्ध झाली तेव्हा वस्तीनं एक ठराव केला. आता वरच्या विहिरीवर जायचं नाही. आपली विहीर खांदायची. पण खांदायची कुठं? वस्तीच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. नाल्याच्या वळणापाशी ई-क्लासची पडीक होती. ई-क्लास म्हणजे सरकारची, गावाच्या गुरांसाठी सोडलेली जमीन. वस्तीतली माणसं तिच्यातच थोडीथोडी ज्वारी पेरून खात. तिला लागून मेडशीच्या बाबारावांचं वावर. म्हणजे विहीर ई-क्लासमध्ये पाहिजे, बाबारावांच्या वावरात जाता कामा नये. मग हद्द कोण सांगणार?

ती सांगणार माझा मामा, किसनमामा. यात विचारायचं काहीच नव्हतं. पूर्वी गावाची शीव कुठून कुठं जाते हे महाराला विचारायची रीत होती. पाटलाची साक्ष एकवेळ फिरेल, पण शिवेबद्दल महाराचा शब्द उलटवायचा नाही, असा दंडक. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्याच्या शब्दावर मोठमोठ्यांची वावरं ठरत! मामाचा बाप त्या कामात पंचक्रोशीत नावाजलेला. त्यानं नाल्याच्या वळणावर हद्दीवरच्या हिवराच्या झाडाला खूण म्हणून बैलाच्या पायाचा लोखंडी नाल ठोकून ठेवला होता. तो वारला तेव्हा मामा रांगता होता. पण नालाची गोष्ट आजीनं त्याला सांगितली होती.

वळणावर हिवर एकच होता, मोठा, जुना. त्याला नाल मात्र दिसत नव्हता. कुणी शंका काढली तर मामा म्हणायचा, "अबे, झाड वाढते का नाही? गियला त्यानं नाल. साल वरून आली अन् नाल अंदर गेला." ते कुणालाही पटण्यासारखंच होतं. झाडं लोखंड गिळतात, मीही पाहिलेलं आहे.

त्या हिवराच्या अलीकडे, ई-क्लासच्या अंगाला, वस्तीनं विहीर खांदली. दोन उन्हाळे लागले. दिवसा दुसऱ्याच्या वावरात राबायचं आणि सकाळ-संध्याकाळ खड्ड्यात उतरायचं. वर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. बाया टोपल्यांनी दगड वर काढत. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी पाणी लागलं. मी लहान होतो, आईबरोबर गेलो होतो. त्या दिवशी कुणी कुणाला पाणी दिलं नाही. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं दोर ओढायचा आणि स्वतः शेंदून प्यायचं, असं ठरलं. आंधळ्या म्हाताऱ्यानं ओढला, बाळंतिणीनं ओढला. आईनं ओढला तेव्हा तिची बादली अर्धी सांडली, तरी तिनं पुन्हा पुन्हा ओढली. घरी न्यायचं पाणी केव्हाच भरून झालं होतं.

तीच पुढे वस्तीची रीत झाली. हिवरदरीत पाहुणा आला तर त्याला तांब्या देत नसत. विहिरीवर नेऊन त्याच्या हातात दोर देत. नव्या जावयांना वाटे थट्टा चालली आहे. मामा म्हणायचा, "जवाईबापू, अठी वरून वतून भेटत नाही. वढा अन् प्या."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. ई-क्लास कसणाऱ्या भूमिहीनांना ती जमीन त्यांच्या नावानं करून द्यायची असं ठरलं. हिवरदरीनं अर्ज केला. नावावर करायची तर आधी मोजणी पाहिजे. कामाची वाटणी झाली आणि हिवरदरी माझ्या वाट्याला आली.

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, माझं आजोळ आहे ते."

साहेब म्हणाले, "मग बरं झालं. जेवणाची सोय होईल."

पण माझं मन मानेना. म्हणून मी आधी बाबारावांच्या घरी मेडशीला गेलो. बाबाराव धिप्पाड, बोलायला खुल्ला माणूस. ओसरीवर बसून कापसाच्या गाडीच्या चाकाचे आरे तपासत होते.

"बाबाराव, किसनमामा माहा सख्खा मामा हाये. तुमची हरकत असन तं दुसरा मानूस येईन मोजाले."

त्यांनी मान वर केली. "बी. ए. झाला म्हंते न तू?"

"झालो."

"मंग मोज न लेका. मामा तुहा, साखळी तं कोनाची भाची नाही. पन ढिली नोको सोडू. म्या मांगं मांगं चालन."

वस्तीत मात्र माझी मिरवणूकच निघाली. आपला भाचा मोजायला आला! मामीनं ओवाळलं. जो तो चाँदभाईंच्या खांद्यावरची साखळी हातात घेऊन पाहत होता, तिच्यातूनच जमीन निघणार असल्यासारखा. मामानं धुवट धोतर नेसलं होतं, फेटा बांधला होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सरकारनं मोजाले मानूस धाडला. आमचा बुढा नुसता बोटानं दाखवत होता, सरकारची मोजनी तठीच येऊन टेकायची!"

मी बाबारावांच्या वावराच्या पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. तिथला जुना दगड शाबूत होता. नकाशाप्रमाणे तिथून वळणाकडे इतक्या साखळ्या गेल्या की हद्द. चाँदभाई पुढे, दुसरा माणूस मागे, मी बाजूनं. माझ्यामागं बाबाराव आणि मामा. वस्तीतली माणसं ई-क्लासच्या बाजूनं उभी. विहीर आणि हिवर जवळ येत चालले. मी मनातल्या मनात उरलेल्या साखळ्या मोजत होतो आणि विहिरीकडे पाहत होतो. अंदाज घ्यायची सवय झालेली असते. शेवटच्या दोन साखळ्यांच्या आधीच मला कळलं. साखळी विहिरीच्या पलीकडे जाणार होती.

गर्दीतून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "भाचेबापू, जराशी लोंबू द्या न जी."

साखळी लोंबली असती तर हद्द अलीकडेच संपली असती. चाँदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, ताणा.

शेवटची खुंटी विहिरीच्या पलीकडे, हिवरापासून बरीच दूर, नाल्याच्या उतारावर रोवली गेली. विहीर बाबारावांच्या वावरात आली होती. बाबारावसुद्धा दचकले. "आँ?" एवढंच बोलले.

मामानं ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "परत मोज."

मी परत मोजलं. मग दुसऱ्या कोपऱ्यावरून आडवं मोजलं. खुंटी तिथंच आली. वस्तीत गलका झाला. साखळी खोटी आहे, नकाशा खोटा आहे, बाबारावानं कोपऱ्यातला दगडच हलवला असेल. बाबाराव भडकले. "म्या कायले हालवू? मले तरी काय मालूम होतं?"

अशा वेळी मोजणीदार खुंटीच्या जागी जमीन उकरून जुनी निशाणी शोधतो. पूर्वीचे लोक हद्दीच्या दगडाखाली कोळसा, खापराचे तुकडे असं काहीतरी पुरून ठेवत. दगड कुणी चोरला तरी खालची साक्ष राहावी म्हणून. मी मामाला खालच्या आवाजात सगळं सांगितलं. निशाणी सापडली तर आजच दगड रोवतो आणि वस्तीच्या जमिनी नावावर व्हायला मोकळ्या. नाही सापडली तर 'निशाणी नाही' असं लिहून प्रकरण वर पाठवावं लागेल. वरून दुसरी मोजणी होईल. ती कधी होईल, कोण करेल, तोवर ई-क्लासचं काय होईल, ते मला सांगता येत नव्हतं. पण विहीर तोवर वस्तीकडेच राहिली असती.

मामा म्हणाला, "म्याच उकरतो."

तो कुदळ घेऊन बसला. नाल्याकाठची ओली माती. हातभर खोल गेल्यावर कुदळ लाकडावर वाजली. मी वाकून पाहिलं. मला एक काळपट, कुजकं खोड दिसलं. कुठल्याही झाडाचं असतं तसं. मी म्हटलं, "बुंधा हाये कायचा तरी." मामानं कुदळ बाजूला ठेवली आणि कोपरापर्यंत हात खाली घातला. त्याची पाठ गर्दीकडे होती. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. आत हातानं काय चाचपत होता ते मला दिसत नव्हतं, बाबारावांना दिसत नव्हतं, कुणालाच दिसत नव्हतं.

त्याला वाटलं असतं तर तो हात झाडून उठला असता. "काही नाही" म्हणाला असता, आणि मी तसं लिहून निघून गेलो असतो.

त्यानं हात वर काढला. हातात गंजलेला, अर्धा झिजून गेलेला बैलाचा नाल होता. त्यानं तो माझ्या फळ्यावर ठेवला, उभा राहिला आणि बाबारावांकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "शीव अठी हाये. हा आमच्या बुढ्याचा हिवर. थो वरचा हिवर दुसरा."

मग उलगडा झाला. बापानं खूण केलेलं झाड नाल्याच्या कुठल्यातरी पुरात, मामाला कळायच्या आधीच, पडलं होतं. वर दुसरा हिवर उभा होता. मामानं डोळे उघडले तेव्हा वळणावर एकच हिवर होता, तोच त्यानं बापाचा धरला. वरच्या झाडानं नाल गिळला नव्हता. त्याच्यात तो कधी ठोकलाच नव्हता.

गर्दीतून एक बाई किंचाळली, "भाऊजी, इहीर गेली की हो!"

मामा माझ्याकडे वळला. "काय पाह्यतं? मोज पुढं."

मी दगड रोवला. दगडाखाली कोळसा टाकला आणि तो नालही तिथंच पुरला. उरलेल्या दिवसात वस्तीच्या सगळ्या घरांना जमिनीचे तुकडे पाडून दिले. सकाळी ओवाळणाऱ्या मामीनं संध्याकाळी जेवायला वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. जेवण झाल्यावर मला तांब्यात पाणी दिलं. विहिरीवर कुणी नेलं नाही. तांब्यातलं ते पाणी मला अजून आठवतं. त्याला कसलीच चव नव्हती.

बाबाराव वाईट वागले नाहीत, हे सांगितलं पाहिजे. ते दुसऱ्या दिवशी स्वतः वस्तीत आले. "पानी भरा न बाप्पा पयल्यासारखं. म्या काही दोर कापून नेत नाही. वावर माहं, मेहनत तुमची." वस्तीला हायसं वाटलं. एकटा मामा जाईना. तो नाल्यात रेती उकरून झिऱ्याचं पाणी प्यायचा. मामी एकदा मला म्हणाली, "जिद तुह्या मामाची अन् घागर माह्या डोक्शावर! मी जातो इहिरीवर. पन त्याच्या वाट्याची घागर नाल्यावरूनच आना लागते. दोन खेपा मले!"

असं वर्षभर चाललं असेल. बाबारावांनी विहिरीजवळ भाजीचा मळा केला. त्यांच्या घरची माणसं तिथं पाणी भरू लागली. एके दिवशी घरातली नवी सून दोरावर होती. वस्तीतल्या बाया आल्या. ती सहज म्हणाली, "थांबा जराशा. आमचं भरून होऊ द्या."

तिच्या मनात काही नव्हतं. लांबच्या गावाहून लग्न होऊन आलेली पोर, तिला काय ठाऊक? कुणीही विहिरीवर म्हणतं तसं म्हणाली. पण वस्तीतल्या बायांनी घागरी उचलल्या आणि एकीमागं एक घरी निघून आल्या. मामी त्यांच्यात सगळ्यांत पुढं होती. त्यानंतर त्या विहिरीवर हिवरदरीचं कुणी गेलं नाही. बाबाराव समजवायला आले, हात जोडले. कुणी भांडलं नाही, कुणी गेलंही नाही.

मामीनं हे आईला सांगितलं तेव्हा मी घरात होतो. आई ज्वारी निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, "कोन म्हनलं थांबा?" मग निवडलेली ज्वारी बाजूला सारून मला म्हणाली, "तू बराबरच मोजलं असशीन. पन ते मले सांगत नोको जाऊ."

आता जमिनी नावावर झाल्या होत्या. वस्तीनं आपल्या जमिनीत नवी विहीर खांदायचं ठरवलं. सगळे मामाकडे गेले. पूर्वीपासून कुठं पाणी लागेल, कुठं घर बांधावं, कुठून वाट काढावी, वस्ती त्यालाच विचारायची.

मामा म्हणाला, "मले नोका इचारू."

"काहून मामा?"

"मले हिवर ओयखू येत नाही. पानी काय ओयखू येईन?"

हे त्यानं चिडून म्हटलं नाही. चिडून म्हटलं असतं तर लोकांनी त्याची समजूत घातली असती. त्या दिवसापासून तो कोणत्याच जागेबद्दल बोलायचा नाही. कुणी धुऱ्याचं भांडण घेऊन आलं तर म्हणायचा, "मोजनीदार बलवा." मी वावरात बसून हे ऐकलं आहे, आणि मोजणीदार मीच होतो. लोकांना वाटतं विहीर गेली म्हणून तो खचला. मला तसं वाटत नाही. झिऱ्याचं पाणी तो मजेत प्यायचा. त्याच्या बापजाद्यांना आयुष्यात मान होता तो या एकाच गोष्टीचा होता, शिवेवरच्या शब्दाचा. तो शब्द त्यानं त्या खड्ड्यात शेवटचा वापरला. खरा वापरला. आणि तो खरा ठरण्यासाठी आधीची पंधरावीस वर्षं तो चुकीचा होता हे त्याला सगळ्यांसमोर सांगावं लागलं. ते सांगायला त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं. साखळी मात्र माझी होती.

लोकांनी अंदाजानं जागा धरली. खांदलं ते सगळं पाषाणात गेलं, पाणी नाही. मामा रोज काठावर येऊन बसायचा, टोपली उचलू लागायचा, पण 'इकडं सरका' असं एकदाही म्हणाला नाही. त्याच्या मनात जागा होती की नव्हती, कोण जाणे. ती कोरडी विहीर अर्धवट सोडली त्या पावसाळ्यात तो गेला. काही घरंही तेव्हाच अकोल्याकडे, कुणी आणखी दूर कामाला गेली. माणसं गेली तरी जमीन कुणी विकली नाही.

मी पुढे पुष्कळ वर्षं साखळी धरली. साखळीची टेप झाली, टेपचं यंत्र झालं. माझ्या एकाही मोजणीवर वरून बोट ठेवलं गेलं नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हे बोलून दाखवलं आणि टाळ्या झाल्या. मला तेव्हा हिवरदरी आठवली. पुन्हा तो दिवस आला तर मी साखळी ताणूनच धरीन. यात मला शंका नाही. पण मामाला मी 'निशाणी शोधू' असं म्हणालो नसतो, 'उद्या येतो' म्हणून चाँदभाईंना घेऊन फाट्यावर गेलो असतो, तर रात्रीतून कुणाला काही सुचलं असतं का, बाबारावांशी कुणी बोललं असतं का, हा हिशेब मला अजून जमलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात हिवरदरीला गेलो. मामाची लेक शांता माहेरीच राहिली, तीच शेती पाहते. आता सोयाबीन आणि तूर. कोरडी सोडून दुसऱ्या जागी खांदलेल्या विहिरीला पाणी लागलं, ते मामा गेल्यानंतर. तिच्यावर मोटार बसली आहे, घरापर्यंत पाइप आला आहे. तरी रहाट आणि दोर शांतानं काढू दिलेला नाही. मी खाटेवर टेकणार तोच ती म्हणाली, "बसू नोका दादा. आधी चाला."

विहिरीवर नेऊन तिनं माझ्या हातात दोर दिला.

"अवो बाई, माहे खांदे दुखतात आता."

"दुखू द्या न जी. अठी वरून वतून भेटत नाही."

मी ओढला. तिसऱ्या हिसक्यालाच दम लागला, अर्धी बादली सांडली, पण उरलेली वर आली. ओंजळीनं प्यालो. येताना नाल्याच्या वळणावर जाऊन माझा दगड पाहून आलो. जागेवर आहे. वरचा हिवर वाळला आहे. बाबारावांच्या विहिरीत कबुतरं राहतात.

हिवरदरीच्या ज्या घरांचं मी मोजलं त्या सगळ्यांना जमीन मिळाली. ती आजही त्यांच्याच नावावर आहे. तिच्यात त्यांची स्वतःची विहीर आहे. मामानं तिचं पाणी चाखलं नाही.